पुलावर काठी टेकायची नाही

सकाळी सहाला हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीतून बाहेर पडले तेव्हा समोरची इमारत धुक्यात नाहीशी झाली होती. मधल्या मजल्यांवरचे दोन-चार दिवे तेवढे अधांतरी दिसत होते. फेब्रुवारी संपत आलेला, रविवार, आणि माझ्या हातात माझ्या खांद्याएवढी उंच काठी. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका आजोबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काठीकडे, आणि काठीला जरा जास्तच वाकून नमस्कार केला.

ही शिकोकू बेटावरच्या यात्रेची काठी. तिथे अठ्ठ्याऐंशी देवळं आहेत आणि ती पायी करायची रीत आहे. आमचा आठ जणांचा गट मार्चअखेर त्यातली पहिली तेवीस करणार होता, दहा दिवसांत. माझ्या नवऱ्याचं, मंदारचं इथलं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपतंय. मग पुण्याला परत. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. सहा वर्षं या देशात मी कुणाच्या ना कुणाच्या मागून वावरले. स्टेशनात मंदारच्या मागून, शाळेत आणि दवाखान्यात माझ्या बारा वर्षांच्या लेकीच्या, सईच्या मागून, कारण फाडफाड जपानी तिला येतं. एक तरी वाट माझ्या मोडक्या जपानीनिशी माझी मी चालायची, असा हट्टच धरला होता मी.

गटाचे म्होरके नोमुरा-सान. वय पंचाहत्तर, सगळी हयात रेल्वेची वेळापत्रकं आखण्यात गेलेली. त्यांची अट सरळ होती: सरावाच्या तीन लांब फेऱ्या पुऱ्या करायच्या, मध्येच बस-ट्रेन पकडायची नाही. ज्याच्या तिन्ही होतील तोच शिकोकूला. माझ्या दोन झाल्या होत्या. तिसरी पावसामुळे आठवडाभर पुढे गेली, आणि स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर पाहिलं तर त्या दिवशी नेमकी संकष्टी.

चतुर्थी मी तीस वर्षं करते आहे, आईच्या पद्धतीने. चंद्र दिसेपर्यंत चहा-पाण्याखेरीज काही नाही. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेपायी आईचे उपास बंद केले, तेव्हा ती म्हणाली, "आता माझीही तूच धर." तेव्हापासून मी दोघींची धरते. इथला चंद्र पुण्याच्या आधी उगवतो. तो दिसला की आईला फोन करायचा, मग जेवायचं, असा आमचा नेम.

"अगं, सव्वीस किलोमीटर आहे," मंदार आदल्या दिवशी म्हणाला होता. "एनर्जी कुठून येणार? एक दिवस स्किप कर ना."

"उपास म्हणजे काय तुझी मीटिंग आहे, रीशेड्यूल करायला?" असं म्हणून मी त्याचं तोंड बंद केलं. मला वाटलं, जिंकले.

समुद्राकाठच्या बागेत सगळे जमले. नोमुरा-सानचा एक शिरस्ता आहे. रेल्वेतले लोक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने "योशी!" (ठीक आहे!) म्हणतात, म्हणजे नजरचूक होत नाही. तेच ते आमच्याकडून करून घेतात. गोल उभं राहायचं, पायाकडे बोट दाखवायचं, "आशी, योशी!" मग पोटाकडे, "हारा, योशी!" काही दुखत-खुपत असेल, काही खाल्लं नसेल, तर गप्प राहायचं, की ते जवळ येऊन विचारतात. माझी पाळी आली. मी पायाकडे बोट दाखवलं. मग रिकाम्या पोटाकडे दाखवलं आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "योशी!"

बांधावरून आम्ही नदीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागलो. धुकं इतकं खाली उतरलं होतं की पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मधूनच एखादी नाव तरंगत यायची आणि पुसली जायची. माझ्यापुढे किशिदा-सान होत्या, अडुसष्ट वर्षांच्या, गोल टोपीवाल्या. त्या नेहमी अखंड बोलतात, पण धुक्यात त्यांचंही बोलणं कमी झालं. आठ काठ्यांना बांधलेल्या आठ छोट्या घंटा किणकिणत होत्या. उपासाच्या दिवशी सकाळी एक हलकेपणा येतो, तसा मला आला होता. आपण चालत नसून कुणी आपल्याला हळूच पुढे नेतंय असं वाटत होतं. खरं सांगते, इतकं सुख मला या देशात फार कमी वेळा लाभलं.

साडेदहाच्या सुमाराला धुकं विरलं. पलीकडच्या काठावर प्लमची झाडं फुललेली दिसली. बांधाखालच्या एका घरातून एक म्हातारी लगबगीने वर आली. आमचे यात्रेकरूंचे पांढरे अंगरखे तिने खिडकीतून पाहिले असणार. तिच्या हातात ताट होतं, ताटात भाताचे त्रिकोणी गोळे, ओनिगिरी.

"ओ-सेत्ताइ आहे," ती म्हणाली. (यात्रेकरूला वाटेत कुणी प्रेमाने दिलेलं म्हणजे ओ-सेत्ताइ. ते नाकारायचं नसतं.)

"पण आम्ही अजून निघालोच नाही, हा सराव आहे," नोमुरा-सान संकोचून म्हणाले.

"मग माझाही सराव समजा," म्हातारी म्हणाली.

सगळे हसले, खाली बसून जेवले. मी दोन्ही हातांनी माझा गोळा घेतला, कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला. "मी नंतर खाईन," म्हणाले. तो अजून कोमट होता. पिशवीतून पाठीला त्याची ऊब लागत राहिली, आणि मला आईच्या हातचा वरणभात आठवत राहिला. शेवटी स्वतःवरच चिडले मी.

दुपारी इचिकावाचा पूल आला. तो ओलांडून पलीकडच्या देवळापासून परत फिरायचं होतं. पुलाचा एक नियम आहे. ज्या साधुपुरुषाच्या नावाने ही यात्रा चालते, त्याने एकदा एका पुलाखाली रात्र काढली होती म्हणे. तो आजही खाली झोपला असेल, म्हणून पुलावर काठी टेकायची नाही, आवाज करायचा नाही. आठही जणांनी काठ्या उचलून हातात आडव्या धरल्या.

पूल लांबलचक होता आणि वारा सुटला होता. मध्यावर आले तेव्हा माझ्या कानांत घंटा वाजायला लागल्या, काठीच्या नव्हेत, दुसऱ्याच. खाली पाणी चमकत होतं. काठच्या लव्हाळ्यात कुणीतरी हिरवी शाल पांघरून निजलंय असं मला स्पष्ट दिसलं. तशी शाल आईची आहे. काठी टेकली तर ती जागी होईल, एवढंच डोक्यात होतं. मी काठी छातीशी घट्ट धरली, दुसऱ्या हाताने कठडा धरला आणि एकेक पाऊल टाकत राहिले. पूल कधी संपला ते कळलं नाही. पलीकडे गवतावर मी बसले नाही, बसवली गेले.

किशिदा-सान पाणी पाजत होत्या. नोमुरा-सान समोर उकिडवे बसले.

"वैशाली-सान, सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही."

मग मी सगळं सांगितलं. चंद्र, आई, तिची साखर, दोघींची चतुर्थी. मोडक्या जपानीत आणि रडत. त्यांनी माझी काठी उचलून गवतावर आडवी ठेवली. आता हे म्हणणार, ट्रेनने घरी जा, आणि माझं शिकोकू संपणार. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"उपासाबद्दल मला काही म्हणायचं नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही बोट दाखवून योशी म्हणालात. मला माहीत असतं, तर पुलावर तुमच्या शेजारून मी चाललो असतो. खाली झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून इतकं जपलंत. शेजारून चालणारेही आहेत की."

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी पिशवीतून ओनिगिरी काढली. तीस वर्षांत पहिल्यांदा चतुर्थीच्या दिवशी, भर दुपारी, भात खाल्ला. मध्ये आंबट-खारट उमेबोशी (मुरवलेलं प्लम) होतं. शीत न् शीत खाल्लं आणि शीत न् शीत वाईट वाटलं.

मग मी उठले. पाय धड होते. "चालेन," म्हणाले. देऊळ करून परत पुलावर आले तेव्हा नोमुरा-सान माझ्या डाव्या हाताला होते, किशिदा-सान उजव्या, आणि त्या पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुनेच्या तक्रारी सांगत होत्या, हळू आवाजात, खाली कुणी जागं होऊ नये म्हणून. उरलेले तेरा किलोमीटर पायीच झाले.

समुद्राकाठी पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. नोमुरा-साननी खिशातून वही काढली. आता माझं नाव खोडणार, असं वाटलं मला.

"पुढची चतुर्थी कधी?"

मी फोनमध्ये पाहिलं. "आपल्या यात्रेच्या सहाव्या दिवशी."

त्यांनी पट्टी लावून एक ओळ खोडली आणि वर नवी लिहिली. सहावा दिवस: बारा किलोमीटरच. चहासाठी तीनदा थांबा. मग चंद्रोदयाची वेळ विचारून तीही लिहिली आणि जरा विचार करून म्हणाले, "त्या मुक्कामाला पूर्वेला डोंगर आहे. चंद्र वीस मिनिटं उशिरा येईल." आयुष्यभर गाड्यांचा उशीर ज्यांना खपला नाही, त्यांनी चंद्राला वीस मिनिटांची सवलत दिली.

घरी येऊन, रीतीप्रमाणे, स्वतःचे पाय धुण्याआधी काठीचा पाय धुतला. साडेआठला समोरच्या इमारतीच्या कडेने चंद्र वर आला. आईला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात अजून संध्याकाळचे पाचच वाजले होते, तिच्यामागे ऊन दिसत होतं.

"आई, चंद्र दिसला. पण मी आज उपास मोडला गं. भात खाल्ला. तुझीही चतुर्थी मोडली."

तिने फोन जरा जवळ घेतला. मग म्हणाली, "माझी नाही मोडली."

"म्हणजे?"

"माझी मी धरतेच की. कधी सोडली नाही. डॉक्टरला कशाला सांगायचं? आणि तुला तिकडे जिवाला घोर."

"चार वर्षं? चक्कर नाही येत तुला?"

"येते एखाद्या वेळी. भिंत धरते."

मला संताप आला, आणि त्याच क्षणी इचिकावाचा कठडा माझ्या हाताला गार लागला. मी ओरडले नाही. पूल, बोट, योशी, सगळं तिला सांगितलं. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती.

"आई, वाटीभर दहीभात खा आत्ता."

"अगं, इथे चंद्र यायला अजून चार तास आहेत."

मी फोन खिडकीशी नेला. "हा बघ, तोच आहे. आज लवकर निघालाय."

बराच वेळ तिने पाहिलं. मग उठून गेली. दहीभाताच्या वाटीत चमचा वाजलेला मला इथे ऐकू आला. सई माझ्या खांद्यावरून वाकली होती. "आजी, ओवात्तारा युबी दाखव," ती म्हणाली. (संपलं की बोट दाखव.) "हारा, योशी म्हण."

आईने शेवटचा घास गिळला, रिकामी वाटी बाजूला ठेवली आणि आपल्या पोटाकडे बोट दाखवलं.