गोष्टीतल्या बाईचं लुगडं

माझी मावशी आईपेक्षा बारा वर्षांनी मोठी. नाशिकच्या वेशीबाहेर तिचं झेंडूचं वावर होतं, आणि त्या झेंडूवरच तिने माझ्या आईला शिकवून मास्तरीण केलं. स्वतः मात्र अंगठेबहाद्दर राहिली. आई शाळा सांभाळून लिहायची, आणि मी आठवीत असताना तिची पहिली गोष्ट एका दिवाळी अंकाने घेतली. गोष्ट मावशीचीच होती. नवऱ्याचं तेरावं उरकून दुसऱ्या दिवशी फुलं तोडायला वावरात उतरणारी बाई, कारण दिवाळी तोंडावर आलेली आणि झेंडू काही कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही.

आईच्या पोटात काही राहत नाही. तिने मावशीला आधीच सांगून टाकलं, की आक्का, तुझ्यावर लिहिलंय, भाऊबिजेला ये, वाचून दाखवते. मावशीने ते सगळ्या वस्तीला सांगितलं.

मग अंक आला. आईने गोष्टीचं पान उघडलं. चित्रात विशीतली एक बाई, कमरेवर टोपली, पदर घसरलेला, चोळी अंगाला चिकटलेली ओलीचिंब. अरे, गोष्टीत पाऊस नव्हता, विहीर नव्हती, ही भिजली कशाने? आमची मावशी पंचेचाळिशीची, पोटऱ्यांपर्यंत चिखल, बोटं झेंडू तोडून तोडून काळीहिरवी झालेली. मला असा संताप आला म्हणून सांगू.

बाबा म्हणाले, गोष्टीतली बाई आहे, तिची कसली अब्रू जाते? आईच्या शाळेतल्या एका सरांना चित्र फार कलात्मक वाटलं. आईने संपादकांना कार्ड टाकलं, त्यावर उत्तर आलं की पात्र काल्पनिक आहे आणि चित्रामुळे वाचक कथेकडे वळतो. वळतो म्हणे, डोंबल! पुढे कॉलेजात, घरोघरी इंटरनेट आल्यावर, हाच वाद मी कितीदा तरी घातला. कुणी म्हणायचं बंदी घाला, कुणी म्हणायचं कल्पनेला कसलं सोवळं. बंदी मलाही नको आहे, अंगाची चित्रं काढायलाही माझी ना नाही. पण दरवेळी माझ्या डोळ्यांपुढे मावशी यायची आणि माझा आवाज चढायचा.

कारण मावशीला वाचता येत नव्हतं. आमच्यासाठी ते गोष्टीशेजारचं चित्र होतं, तिच्यासाठी ते चित्र म्हणजेच गोष्ट होणार होती. जिने शिकवलं, तिलाच मी चारचौघांत उघडं केलं, असं आई रात्रंदिवस घोकत होती. मी शहाणीने निळं बॉलपेन घेऊन चित्रातल्या बाईला पदर रेखाटला. पदर राहिला बाजूला, तिला दाढी फुटल्यासारखं दिसायला लागलं. आई हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिने अंकाला खाकी कव्हर घातलं आणि तो गादीखाली सारून दिला.

भाऊबिजेला मामाकडचं ओवाळणं आटोपून मावशी आमच्याकडे आली. नाशिकच्या द्वारका चौकात दिवाळीभर फुलं विकून तिचा घसा बसला होता. आईने तिच्याकडे न बघताच सांगितलं, अंक अजून आलाच नाही. खोटं बोलायची सवय नसली की माणूस किती वाईट खोटं बोलतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मावशी बरं म्हणाली, बशीतला चहा संपवला आणि पिशवीतून अंक काढला.

द्वारकेवरच्या पेपरवाल्याकडून तिने तो विकत घेतला होता. आईचं नाव सांगून त्याच्याकडूनच पान शोधून घेतलं होतं. पेपरवाला चित्र बघून हसला, एवढंच ती म्हणाली.

तिने पान उघडून आईच्या मांडीवर ठेवलं. चित्रातल्या बाईच्या अंगावर खरं कापड होतं. मावशीने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा कातरून, कणकेची खळ करून चिकटवला होता. गळ्यापासून घोट्यापर्यंत, आणि डोक्यावर पदरही.

"उघडी व्हती गं," मावशी म्हणाली. "नेसवलं तिला. आता वाच."

आक्का, हे मी नाही काढलं गं, एवढंच आई म्हणाली. मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला, "तू असं काढशील व्हय?" असं म्हणाली, आणि पुन्हा पानाकडे बोट दाखवलं.

आईने वाचलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीचा प्रसंग आला तेव्हा तिला वाचवेना, म्हणून पुढचं मी वाचलं. लुगड्याची एक कड वाळून सुटली होती, ती मावशी सबंध वेळ आपल्या काळ्याहिरव्या अंगठ्याने दाबून बसली होती. गोष्ट संपल्यावर तिने अंक हातात घेतला आणि लांब धरून बराच वेळ बघितला.

"आता माझ्यावानी दिसती," ती म्हणाली.