भावाच्या दुकानाला सील

खत निरीक्षक बाईंना दुकानदार पाठीमागे 'नळीवाल्या बाई' म्हणत. पोत्यात खुपसून खताचा नमुना काढायची लांब नळी कायम त्यांच्या पिशवीत असे. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या दुकानात चहासुद्धा घेतला नव्हता. अपवाद फक्त धाकट्या भावाच्या खताच्या दुकानाचा. तपासणी संपली की तो म्हणायचा, "आता नळी बाहेर ठेव आणि बहीण म्हणून आत ये." आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून अभ्यासाला बसवण्यापर्यंत सगळं बाईंनीच केलेलं.

सरकारच्या अनुदानामुळे शेतीचा युरिया अगदी स्वस्त मिळे. प्लायवूडचा गोंद करणाऱ्या कारखान्यांना मात्र तोच महाग पडे. मग काही दुकानांच्या मागच्या दाराने पोती तिकडे पळत. एका हंगामात शेतकरी दिवसदिवस रांगेत उभे राहून रिकाम्या हातांनी परतू लागले, तेव्हा बाईंनी अशा एका कारखान्यावर छापा घातला. पोत्यांवरचे क्रमांक ताडून पाहिले, तर ते भावाच्या दुकानाचे निघाले.

"दुसऱ्या कुणाला पाठवू का?" साहेबांनी विचारलं.

"नको. मीच जाते."

बाईंनी कुलपावर लाख ओतली तेव्हा तो समोर उभा होता. मग त्यांनी स्वतःच्या सहीची नोटीस दारावर चिकटवली. परवाना रद्द झाला, आणि तो बायकोमुलांना घेऊन दूरच्या शहरात रंगाच्या दुकानात नोकरीला लागला.

नऊ वर्षं गेली. रस्त्यात कुणी त्याच्यासारखं खांदा पाडून चालताना दिसलं की बाईंचे पाय थबकत. दर हिवाळ्यात त्या त्याच्या मापाचा स्वेटर विणत आणि कपाटात ठेवून देत. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात सगळ्यांत नवा स्वेटर पिशवीत घालून त्यांनी बस पकडली.

दार भावजयीने उघडलं आणि ती बाजूला झाली. तो खुर्चीत बसला होता. म्हणाला, "मला आधी सांगायचं तरी होतंस, ताई."

"सांगितलं असतं तर तू पोती हलवली असतीस."

"हलवली असती," तो म्हणाला आणि क्षणभर हसला. मग त्याचा चेहरा पुन्हा मिटला. "पण माझ्या दारावर तुझी सही... मुलं रोज शाळेत जाता-येता वाचायची गं."

बाईंनी स्वेटर त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो घातला नाही, पण परतही दिला नाही.

स्टँडपर्यंत तो सोबत आला. बस सुटेपर्यंत उभा राहिला. 'परत ये' काही म्हणाला नाही. बाईंनी काच सरकवली. त्याच्या कानांजवळचे केस पार पांढरे झाले होते. ते कधी झाले, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वळणावर तो दिसेनासा झाला, तरी त्या कितीतरी वेळ मान वळवून मागेच पाहत होत्या.