ताटाची डावी बाजू

माझी आई दुष्ट होती. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणे. का बोलू नये? मी तिची सख्खी मुलगी, मी नाही बोलणार तर कोण?

नवं राज्य झालं, कचेऱ्या भोपाळला गेल्या, तसा दादाही गेला. इंदूरच्या घरी राहिलो आई, मी आणि नुकतीच बाळंत झालेली वहिनी. बाळंतपणात तिला सणसणून ताप भरला, झटके आले. त्यातून उठली ती मात्र हसतबोलत. आम्हाला वाटलं, संपलं सगळं.

बाळाला सव्वा महिना झाला म्हणून आईनं चार बायका जेवायला बोलावल्या. ताटं रीतसर वाढलेली: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. वहिनीनं उजवी बाजू पुसून खाल्ली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आई, मला चटणी-कोशिंबीर वाढायची राहिली का हो?" दोन्ही तिच्यासमोरच होत्या! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आईचं डोकंच फिरलं. "सब नाटक है! चारचौघांत माझी अब्रू काढते मेली!"

दुसऱ्या दिवसापासून आईनं खेळच मांडला. सगळं जेवण ताटाच्या डाव्या बाजूला वाढायचं. वहिनी म्हणायची, "आई, ताट रिकामंच आहे." आई शेजारणींना बोलावून दाखवायची, पदर तोंडाला लावून हसायची. मी चिडून ताट फिरवून द्यायचे, तेव्हा कुठे बिचारीच्या पोटात घास जायचा.

पण एकदा बाळ तिच्या डावीकडे टाहो फोडत होतं आणि ही उजवीकडची दुपटी चाचपत बसली होती. हे नाटक नव्हतं. मी कॉलेज बुडवलं आणि तिला टांग्यात घालून मेडिकल कॉलेजातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांमागे मेंदू कसा बघतो, यावर त्यांचं संशोधन चालायचं.

त्यांनी तिला फूल काढायला सांगितलं. तिनं सगळ्या पाकळ्या उजवीकडेच काढल्या आणि खुशीत कागद परत दिला. डॉक्टर मला म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या एका भागाला इजा झालीय. डावीकडचं जग तिच्यासाठी नाहीच, आणि ते नाही हेही तिला कळत नाही. मान डावीकडे वळवायची सवय लावा, बरीच सुधारेल."

मी घरी आले ती नाचतच. "ऐकलंस आई? नाटक नव्हतं ते!"

आईनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे डोक्यात बिघाड. नाटक असतं तर दोन थोबाडीत देऊन सुधारली असती. वेडीच्या हातात माझा नातू द्यायचा होय?"

दादाला भोपाळहून बोलावलं. त्यानं नंदीबैलासारखी मान डोलावली. देपालपूरहून वहिनीचे वडील आले. चार दिवस माहेरी विश्रांती घे, बाळ मागाहून पाठवतो, असं आईनं वहिनीला वडिलांदेखत सांगितलं. बाळही पाठवायचं नाही आणि तिलाही परत आणायचं नाही, हे आईचं आणि दादाचं आधीच ठरलं होतं. मी घर डोक्यावर घेतलं, दादाला षंढ म्हणाले. ऐकतो कोण?

टांगा दारात आला, वडील सामान चढवायला पुढे गेले. वहिनी देवाला नमस्कार करून उंबऱ्याशी थांबली. "बाळ कुठंय? एकदा घेते ना."

आई तिच्या डाव्या हाताला उभी होती, बाळाला छातीशी धरून. त्याच्या तोंडात मधाचं बोट. डॉक्टरांचं सांगणं तिला चांगलंच समजलं होतं. "आत झोपलंय," ती म्हणाली.

"खोटं!" मी ओरडले. "वहिनी, डावीकडे बघा! मान वळवा!"

वहिनीनं हळूहळू मान वळवली, मी शिकवलं होतं तशी. ती वळली तशी आई एक पाऊल मागे सरकली, तिच्या पाठीमागे. वहिनीला दिसली नुसती दाराची चौकट. मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते.

"वन्सं," ती म्हणाली, "निदान तुम्ही तरी माझी चेष्टा नका ना करू."

वडिलांनी तिचा हात धरला आणि ती टांग्यात चढली.