वायरची अकरा झाडं

चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्या, म्हणून सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत. माणूस सरळ, पण एका बाबतीत पक्का चिवट: कुठलीही वस्तू टाकून द्यायची नाही. मागच्या खोलीत दोन दारांएवढ्या फळीवर त्यांची खेळण्यातली रेल्वे होती. खेळण्यातली म्हटलं की ते भडकत. "लहान आहे, खेळणं नाही," म्हणत. डोंगर कवळ्यांच्या साच्यातून उरलेल्या प्लॅस्टरचा, गवत रंगवलेल्या भुशाचं, आणि झाडं त्यांनी व मेहुण्याने जुनी वायर पिळून केलेली.

हा मेहुणा म्हणजे शाळेपासूनचा दोस्त, धंद्याने वायरमन. पुढे कवळीवाल्यांना बहीण देऊन नात्यातही अडकला. दर रविवारी दोघं फळीवर वाकून एकमेकांची अक्कल काढत. मग वायरमनची दृष्टी गेली. तो कुठेच जाईनासा झाला. इथे मात्र यायचा आणि बोटाने रूळ चाचपत गाडीमागे फिरायचा. घराबाहेरचं त्याचं जग तेवढंच उरलं होतं.

अशात बायकोच्या गुडघ्यांनी तिसरा मजला नाकारला आणि कवळीवाल्यांनी तळमजल्यावर लहान जागा घेतली. तिथे एकाच दाराएवढी फळी मावणार होती.

"भंगारात द्या ते, थोडंसं नवं आणा," बायको म्हणाली.

"नवं आणायला मी काय मेलोय?" कवळीवाले म्हणाले. याचा अर्थ तिलाही कळला नाही आणि त्यांनाही.

मग ते कामाला लागले. रुळांखालच्या खडीवर कोमट पाणी शिंपडायचं, डिंक मऊ झाला की पट्टीने खडी उचलायची, धुऊन वाळवायची आणि गाळणीने चाळायची. गाळणी स्वयंपाकघरातली निघाली, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. झाडांवरचा धुळकट स्पंज त्यांनी दातांच्या ब्रशने खरवडला आणि वायरच्या सांगाड्यांवर ताजा हिरवा चढवला. डोंगर काही केल्या मावेना. त्यांनी तो करवतीने कापला, अर्धा भिंतीला टेकवला आणि उरलेल्याचे तुकडे नदीकाठी दगड म्हणून लावले. महिनाभर खपले. मेहुण्याला "झालं की कळवतो" एवढंच सांगितलं. त्याला चकित करायचं होतं ना!

काम संपलं आणि त्या रविवारी मेहुणा नव्या जागेत आला.

"बघ, काय हिरवंगार झालंय!" कवळीवाल्यांच्या तोंडून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. बायकोने कपाळावर हात मारला.

मेहुण्याने बोट रुळावर ठेवलं. सवयीने उजवीकडे वळला, तर तिथे भिंत. परत फिरला, तर पुलाच्या जागी फाटक. बोगद्यासाठी पुढे केलेला हात हवेतच राहिला.

"डोंगर?"

"कापला. मावत नव्हता."

"मला विचारायचंस तरी." तो मागे सरला. "छानच केलं असशील. पण मला इथलं काही कळत नाही रे. घरी सोड मला. आणि पुढच्या रविवारी नको बोलावूस, उगीच तुझा खोळंबा."

महिनाभर दोन्ही डोळ्यांनी फळी न्याहाळली, पण मेहुण्याच्या बोटांचा विचार एकदाही मनात आला नाही. कवळीवाल्यांना तोंड कुठे लपवावं कळेना.

काठी शोधताना मेहुण्याचा हात कोपऱ्यातल्या झाडांना लागला. तो थबकला. एक बुंधा चिमटीत धरून खाली-वर चाचपला.

"हे माझं."

"कशावरून?"

"पीळ उलटा आहे. मी डावरा." बोट पुढे सरकलं. "हेही माझं. हे तुझं, ढिलं आहे. हे माझं." कोपरा संपवून तो म्हणाला, "माझी अकरा. चौदा होती."

"तीन तुटली. खरवडताना. माझ्याच हातून."

"तुझ्या हातून दुसरं काय होणार?" पण तो आता खुर्ची ओढून बसला होता. "नदी कुठे नेलीस?"

कवळीवाल्यांनी त्याचं बोट धरून काठावरून फिरवलं, एकदा, दोनदा, तीनदा. त्यांचे डोळे भरून आले होते. बायकोशिवाय ते कुणाला दिसणार नव्हतं, म्हणून त्यांनी पुसलेही नाहीत.

"काठ बोडका आहे," मेहुणा म्हणाला. "पुढच्या रविवारी वायर मी आणतो. तुझ्याकडची सगळी भंगार असते."