साडेचार फुटांचा पलंग

"बेड लहान करा," बिल्डरचा सेल्स मॅनेजर म्हणाला. मला वाटलं, डबलचा सिंगल करायचा असेल. तसं नव्हतं. बेड डबलच हवा होता, फक्त साडेचार फूट लांबीचा.

मी अमरावतीत एका स्टुडिओत थ्रीडी आर्टिस्ट आहे. न बांधलेली इमारत कॉम्प्युटरवर मापात उभी करायची, हे आमचं मॉडेलिंग. तिच्यावर ऊन-सावली पाडून, फरशीला चमक देऊन खरं वाटेल असं चित्र काढायचं, ते रेंडरिंग. त्या घरातून कॅमेरा फिरवला की झाला वॉकथ्रू. पडद्यावरच्या खोलीला टेप लावता येत नाही. माणूस पलंग बघून खोलीचा अंदाज घेतो. पलंग आखडला की खोली आपोआप ऐसपैस दिसते.

मी चक्क नाही म्हणाले. स्टुडिओचे मालक, म्हणजे आमचे सर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "क्लायंट म्हणते तसं करून दे ना. तुले काय करायचं?" तरी मी नाहीच म्हणाले. मग त्यांनी स्वतः बसून पलंग, कपाट, खुर्च्या, सगळं आखडलं. आणि साइट ऑफिसात ते दाखवायला मात्र मला पाठवलं. याचा संताप वेगळाच.

बुकिंगला अकोटचं एक जोडपं आलं होतं. काका एसटीतून रिटायर झालेले, चांगले उंचपुरे. राहत्या घराचा सौदा करून आले होते. आता जे काही होतं ते या फ्लॅटवर. काकूंनी वॉकथ्रू शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "कूलर कुठी ठेवाचा?"

मॅनेजर हसला. आता कूलर कोण वापरतं, एसी लावा, म्हणाला. वऱ्हाडात राहून हे बोलायचं! माझं डोकंच फिरलं.

"लाईन गेली का एसी बंद," काकू म्हणाल्या. "कूलर इन्व्हर्टरवर चालते."

गिऱ्हाईक हातचं जाईल असं दिसल्यावर त्याने मलाच फर्मावलं, मॅडम, यांना कूलर ठेवून दाखवा. हल्ली रेंडर डोळ्यांदेखत होतं. अकोल्याच्या एका कूलरवाल्याच्या जाहिरातीसाठी मी केलेलं मॉडेल लॅपटॉपमध्ये होतं, खऱ्या मापाचं. ते खिडकीखाली ठेवलं. कूलरचं ते धूड जवळजवळ पलंगाएवढं दिसायला लागलं.

कूलरचं माप चुकलंय, कमी करा, मॅनेजर घाईघाईने म्हणाला.

"कूलर बरोबर आहे," मी म्हणाले. "पलंग खोटा आहे."

काकूंनी पडद्याकडे बघितलं, मग काकांकडे. "मंग आमच्या ह्यायचे पाय कुठी जातीन?"

मी पलंग खऱ्या मापाचा केला. बाल्कनीचं दार त्याला अडून अर्ध्यावरच थांबलं. काकांनी चेकबुक पिशवीत परत ठेवलं आणि दोघं उठले.

सरांनी ते काम माझ्याकडून काढून घेतलं. मला धंदा कळत नाही म्हणे. लोक राहतं घर विकून येतात, त्यांना भातुकलीचं फर्निचर दाखवायचं, हा यांचा धंदा. तिथे आता तयार व्हिडिओ लावतात, म्हणजे मध्येच काही ठेवून बघायला नको. पलंग तेवढाच आहे.

तुम्ही कधी असा वॉकथ्रू बघायला गेलात, तर एवढंच म्हणा, त्या पलंगावर एक माणूस झोपवून दाखवा. थ्रीडीत माणूस ठेवायला काही वेळ लागत नाही. त्यांनी आढेवेढे घेतले, तर चहाही न पिता उठा.