उघडं राहिलेलं परसदार

बायकोशी दिवसाउजेडी बोलायची आमच्या वेळी सोय नव्हती. धुळ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. घरात आई, आबा, दोन काकू आणि येणारे-जाणारे. अशा घरात लग्न होऊन वर्ष झालेला मुलगा बायकोशी चार शब्द बोलताना दिसला, तर गावभर त्याचं नाव व्हायचं. माझ्या एका मित्रानं भर दुपारी बायकोच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली, तर पुढं दोन वर्षं लोक त्याला 'पाणक्या' म्हणत होते. मी तर लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. मुलं मला भीत, आणि मी गावाला भीत असे.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी बायको पहिल्यांदा माहेरी निघाली होती. आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात. तिचं माहेर जळगावजवळ असोद्याला. तिला न्यायला तिचा थोरला भाऊ आदल्या दिवशीच आला होता. सण एका दिवसावर आला होता. दुपारी पुरणाच्या मांड्यांचं जेवण आणि लगेच धुळ्याच्या स्टेशनावर, असा बेत ठरला होता. ती गाडी चुकली, तर पुढची गाठून आखाजीच्या सकाळपर्यंत पोचायची खात्री नव्हती. आठ दिवस ती काम करता करता मनाशीच हसत होती. ते पाहून मला आनंद व्हायच्या ऐवजी रागच येत होता. महिनाभर ती दिसणार नव्हती, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

निघायच्या दिवशी, दुपार व्हायला आली तेव्हा, आई आणि काकू पुढच्या ओटीवर धान्य निवडत बसल्या होत्या. बायको एकटी स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. मी परसदारानं मांजरासारखा आत शिरलो. तिला एवढंच सांगायचं होतं, की महिना कशाला, पंधरा दिवसांत ये. ते वाक्य मी पहाटेपासून पाठ करत होतो. मी म्हटलं, "ऐक ना," आणि तेवढ्यात बाहेरून आईनं तिला हाक मारली. ती पुरणाची परात झाकून पुढं पळाली. मी मागच्या दारानं असा सटकलो, की थेट गोठ्याच्या पलीकडं जाऊन थांबलो. दाराला कडी लावायची राहिली.

पंधरा मिनिटांनी आईची किंकाळी ऐकू आली. शेजारची शेळी आत शिरली होती. झाकण एका बाजूला, परात दुसऱ्या बाजूला, आणि शेळीच्या दाढीला पुरण. पाहुण्यासाठी केलेलं सगळं पुरण गेलं होतं. मी धावत आलो तेव्हा आई मधल्या घरात उभी होती आणि बायको तिच्यासमोर मान खाली घालून.

"दार कोनी उघडं ठेवं?" आईनं विचारलं.

बायकोनं पदराआडून माझ्याकडे पाहिलं. नवरा दिवसा स्वयंपाकघरात आला होता, हे सुनेनं सासूला सांगायचं तरी कसं? मी खुंटीवरच्या टोपीकडे पाहत राहिलो.

"मन माहेरले पोची गयं, मंग दार कसं लागी?" आई म्हणाली. "औंदा माहेर नही. आखाजी आठेच!" म्हणजे सण इथं सासरीच.

आई तापट होती, आणि बोललेला शब्द सहसा मागं घेणारी नव्हती. काकूंनी मध्ये पडून पाहिलं, त्यांनाही बोलणी बसली. आईनं सुनेचं बांधून ठेवलेलं गाठोडं उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. बायकोनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मनाशी म्हणत होतो, आईचा राग आता उतरेल, आबा काहीतरी बोलतील, जेवणं झाली की सगळं ठीक होईल. दुसऱ्या कुणीतरी बोलावं म्हणून मी जेवढी वाट पाहिली, तेवढी पगाराचीही कधी पाहिली नाही.

ओसरीवर बसलेल्या मेहुण्यानं सगळं ऐकलं होतं. भला माणूस. त्यानं वाद घातला नाही. पागोटं नीट केलं आणि आबांना म्हणाला, "मी निघतो. गाडीची वेळ झाली." पाहुणा उपाशी निघाला, तरी घरात कुणी हललं नाही. बायको दारापर्यंत आली, भावाच्या पाया पडली आणि म्हणाली, "आईला सांगा, मी बरी आहे." रडली असती तर मला सोसलं असतं. ती रडली नाही. तिनं तिसऱ्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि आत वळली.

मेहुण्याचा एक पाय बैलगाडीवर चढला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माय, दार मी उघडं ठेवं."

सगळे माझ्याकडे वळले. आबांनी शांतपणे विचारलं, "तू सैपाकघरमा कसाले गयथा?"

"पानी पेवाले."

"पानी ते आठे वसरीमा शे."

माठ माझ्या कोपराला लागूनच होता. आता सुटका नव्हती. "तिले सांगाले," मी म्हणालो, "लवकर ये म्हनीसन."

आधी गाडीवान हसला. मग काकू, मग आबा. आईनं बराच वेळ ओठ दाबून धरले, पण शेवटी तीही हसली. "पोरेस्ले काय शिकाडस तू?" असं म्हणत तिनंच आतून गाठोडं आणलं, सुनेच्या हातात दिलं आणि मेहुण्याच्या शिदोरीला भाकरी बांधल्या. मला पुढं किती दिवस चिडवलं, ते सांगत नाही.

लाज गेलीच होती, म्हणून मी स्टेशनापर्यंत बरोबर गेलो. बैल पळवत नेले, गाडी मिळाली. मेहुणा तिकिटं काढत होता तेवढ्यात मी ऐटीत म्हटलं, "शेवटी बोललो की नाही?"

"बोललात," ती म्हणाली. "पण मी तीनदा पाहिलं तुमच्याकडं."

पंधरा दिवसांत ये, हे सांगायचं राहूनच गेलं. ती महिन्यानं आली.

पुढं मुलं झाली, चार गावी बदल्या झाल्या. घरमालक, दूधवाला, वाणी, शाळा तपासायला आलेले साहेब, कुणाशीही वाजलं तरी ती माझ्याकडे पाहत नाही. सरळ बोलून मोकळी होते आणि मग मला सांगते. मास्तरांची बायको तोंडाची फार फटकळ, असं लोक म्हणतात. मी ऐकून घेतो. ती अशी नव्हती.