टाके उसवलेला सूट

तो प्रसंग अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा मी धुळे जिल्ह्यात पोलीस निरीक्षक होतो. नरडाण्याकडच्या एका कारखान्यात ॲसिडच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळू लागला. एक कामगार बचावाचा सूट चढवून पुढे गेला. व्हॉल्व्ह बंद झाला, पण ॲसिड सूटमधून आरपार गेलं. धुळ्याच्या दवाखान्यात त्याने प्राण सोडला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली.

मग ठाण्यात निनावी फोन आला. स्टोअरकीपरने चांगले सूट परस्पर विकून नकली ठेवले, असं कुणीतरी सांगितलं. स्टोअरकीपरला चौकशीसाठी बसवलं. तो एकच सांगत राहिला, "साहेब, माझं कपाट त्या दिवशी उघडलंच नाही." बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. तिच्या गल्लीत तो चोर ठरूनही गेला होता.

पंचांसमक्ष कपाट उघडलं. सगळे सूट जागेवर होते, आणि अस्सलच होते. मग हा जळका सूट आला कुठून?

मुद्देमालातून तो काढून टेबलावर पसरला. पाठीवर बारीक भोकांची चौकट दिसली. हवालदाराला बढती मिळून बाहीवरची फीत बदलली की खाकीवर अशीच भोकं राहतात, त्यामुळे माझी नजर तिथेच अडली. पाठीवर काहीतरी शिवलेलं होतं, ते कुणीतरी उसवलं होतं.

कामगारांना सराव देणारे गृहस्थ अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आबा म्हणत. सूट पुढे ठेवून मी विचारलं, "आबा, इथे काय लिहिलेलं होतं?"

त्यांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं.

"फक्त सरावासाठी," ते म्हणाले. "खरे सूट सरावात खराब होतात, म्हणून दिसायला तसेच, साध्या कापडाचे मीच निवडले. पण पट्टी वाचून पोरं हसायची, चेन अर्धी उघडी टाकून फिरायची. त्यांना खरं वाटावं म्हणून पट्ट्या मीच उसवल्या, साहेब."

ते सूट टाकीजवळच्या शेडमध्ये टांगलेले असत. घाईत त्या कामगाराने हाताशी आला तो घातला.

स्टोअरकीपरला लगेच घरी पाठवलं. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचा गुन्हा आबांवर दाखल केला. मला त्यांचा राग आला आणि वाईटही तेवढंच वाटलं. मृताचा मोठा भाऊ जबाब देताना अहिराणीत म्हणाला, "साहेब, आंगवर सूट व्हता म्हनीसन तो पुढे गया. नही ते पळी जाता." अंगावर सूट नसता, तर तो पळून वाचला असता.

नोकरीभर मी लबाडी शोधत आलो. चांगल्या हेतूनेही माणूस मरतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं. सराव खोटाच असतो, पण तो खोटा आहे हे अंगावर लिहिलेलं असलं पाहिजे.

पुढे एकदा त्याच कारखान्यात सराव पाहायला गेलो. सरावाच्या सूटवर पुढे-मागे लाल रंगात मोठी अक्षरं होती: फक्त सरावासाठी. पोरं गळ्यापर्यंत चेन लावून रांगेत उभी होती. कुणी हसत नव्हतं.